जीपच्या पोटातली हळद

काकांची जीप माझ्या गॅरेजात आली ती पिकअपच्या हौद्यात, दोरखंडानं बांधलेली. उतरवून घेतली, बॉनेट उघडलं आणि असा भपकारा आला की मी मागंच सरले. शी! चंद्रपुरातलं हे गॅरेज बाबा गेल्यापासून मीच चालवते. जळकं ऑइल, आंबलेलं पेट्रोल, बॅटरीचं पाणी, सायलेन्सरात शिरून मेलेला उंदीर, सगळं या नाकाखालून गेलेलं आहे. तरी हा वास नवा होता. हळदीचा आणि सडक्या पाण्याचा. वरणाचं पातेलं झाकून ठेवलं आणि आठवडाभर विसरलं तर येईल तसा.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांची बायको माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या, त्यामुळं ती माझी काकू लागते आणि मावशीही. मी मावशीच म्हणते. ते दोघं जिवतीच्या पलीकडं, डोंगरातल्या एका खोलगट गावात राहतात. कापूस आणि तूर पिकवतात. आई माझ्याजवळ होती, गॅरेजच्या मागच्या खोलीत. लकवा मारला त्या दिवसापासून खाटेवर.

आईनं एकच धोसरा लावला होता. धाकटी आली काय? सकाळी डोळे उघडले की धाकटी आली काय. चमचाभर पेज तोंडाशी नेली की तोंड फिरवून धाकटी आली काय. जीभ जड झाली होती, बाकीच्या शब्दांचा लगदा व्हायचा, हे मात्र स्वच्छ यायचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस धरू नका, ज्याला भेटायचं त्याला बोलावून घ्या. मी व्हिडिओ कॉल करून पाहिला. काकांनी मावशीला गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीजवळ नेलं, तिथं रेंज येते. मावशीचं तोंड दिसलं. आईनं मोबाइलकडं पाहिलं, मग मोबाइलच्या मागं पाहिलं, आणि चिडून म्हणाली, "तिले बाहेर काढ." त्यानंतर मी तो उद्योग केला नाही.

बसनं यायचं, एवढी साधी गोष्ट. पण मावशीला गाडी लागते. लागते म्हणजे थोडीथोडकी नाही. डिझेलचा वास आला की पोटातलं सगळं वर येतं. बस नको, बंद काचांची कार नको, ट्रॅक्टर तर नकोच. मागं एकदा लग्नाला बसनं निघाली तर राजुऱ्याला उतरवून सलाईन लावावी लागली, ओकून ओकून रक्त यायला लागलं होतं. मोटारसायकलवर बसायला कंबर साथ देत नाही. तिला चालते ती एकच गाडी, काकांची उघडी जीप. पेट्रोलवरची, वर टप नाही, चहूबाजूंनी वारं. तिच्यात बसली की मावशी पान चघळत, रस्त्यावरच्या लोकांना हाका मारत येते.

आणि नेमकी ती जीप चढ चढेना. गाव खोलगटात, त्यामुळं बाहेर पडायचं तर आधी चढच. आईचं कळल्यापासून दोघं पुन्हा पुन्हा निघाले. दर वेळी अर्ध्या चढावर पाणी उकळलं, इंजिन खोकून बंद पडलं आणि जीप उलटी घरंगळत गावात परत न्यावी लागली. शेवटी काकांनी ती पिकअपवर चढवून माझ्याकडं आणली. पिकअप डिझेलची, म्हणून मावशी घरीच राहिली.

"पोरी, येवढी चालती करून दे," काका म्हणाले. "तिचा सारा जीव बाईकडं लागून राह्यला." मावशी आईला बाई म्हणते, तिचं ऐकून काकाही म्हणतात.

जीप दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या काळची. बांबूच्या एका ठेकेदारानं ती लिलावात घेतली होती, त्यानं पिळून पिळून फेकायला काढली तेव्हा काकांनी उचलली. बाबा होते तोवर दर उन्हाळ्यात तिचं इंजिन उघडून साफ करत, त्यामुळं मला ते पाठ आहे. आजच्या इंजिनात व्हॉल्व वर, डोक्यात असतात. हिच्यात ते सिलिंडरच्या शेजारी उभे, तोंड वर करून. वरचं हेड म्हणजे नुसतं चपटं झाकण. हवा आत यायची तर खालून व्हॉल्वमधून वर उसळते, झाकणाला आपटते, आडवी वळते आणि मग सिलिंडरात उतरते. तिचा निम्मा दम या वळणातच जातो. जळका धूरही ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या वाटेला चिकटून बाहेर पडतो. म्हणून ही इंजिनं मुळातच तापट. पाणी नीट फिरलं तरच ताळ्यावर राहतात. बाबा म्हणायचे, हे इंजिन तुझ्या वळणाचं आहे, आणि मला राग यायचा.

आधी एअर क्लीनर काढला. त्यात तेलाची वाटी असते, हवा तिच्यावरून जाते आणि धूळ तेलात अडकते. तेल कुठलं, काळी चिकी झाली होती. तिच्यात पाकोळ्यांचे पंख, उंदराच्या लेंड्या आणि कसलेसे केस. कार्बोरेटरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. बोटानं फोडलं तर वाळक्या अळ्या माझ्या तळहातावर पडल्या. बिचाऱ्या जीपला श्वास घ्यायला बोट जाईल एवढी वाट उरली होती. हेड उचललं तर पिस्टनवर काजळीचा थर, व्हॉल्वच्या दांड्यांना लाखेसारखा चिकटा, एक व्हॉल्व तर अर्धा उघडाच अडकून बसलेला. हवा कमी, पेट्रोल जास्त, ते धड जळणार कसं? निम्मं कच्चंच धुरातून जात होतं. आणि बाहेरून पाहाल तर बॉनेट चकाचक, वर दसऱ्याच्या पूजेचं स्वस्तिक, पुढं लिंबू-मिरची. आपल्या लोकांना गाडीचं तोंड धुता येतं, पोट कोणी पाहत नाही. या पूजेवाल्या गाड्यांचा मला मनापासून वीट आला आहे.

मग ब्लॉकच्या बाजूच्या टोप्या काढल्या, पाण्याची वाट पाहायला. पहिली टोपी छिन्नीनं उचकटली आणि आतून पाणी आलंच नाही. लगदा आला. पिवळट तपकिरी, बुळबुळीत, गाठीगाठीचा. तो हळूहळू घसरत ब्लॉकवरून खाली आला आणि माझ्या चपलेवर पडला. दुपट्टा नाकाला लावून मी अंगणात गेले आणि खरंच ओकले. गॅरेजात काम करताना मी ओकले ती तेवढीच वेळ.

हळद. आमच्याकडं ड्रायव्हर लोकांची जुनी सवय आहे. रेडिएटर ठिबकायला लागला की पाण्यात चिमूटभर हळद टाकायची. ती फुगते, भोकात जाऊन बसते, ठिबकणं थांबतं. जंगलात अडकलेल्याला गावापर्यंत पोचवायला चिमूट ठीक आहे. बाबांनीही टाकलेली मी पाहिली आहे. पण ते घरी आले की पहिलं काम रेडिएटर धुवायचं करत. इथं चिमूट नव्हती. इथं कोण्या भल्या माणसानं किलोनं हळद ओतली होती. ती रेडिएटरात थांबली नाही, ब्लॉकमध्ये उतरली, आणि धुराच्या वाटांभोवती जिथं पाणी सर्वांत जास्त फिरायला हवं तिथं जाऊन शिजली. पाणी फिरेना म्हणून इंजिन तापलं, तापलं म्हणून व्हॉल्व अडकले, व्हॉल्व अडकले म्हणून चढावर दम गेला. आणि प्रत्येक वेळी पाणी उकळलं की हा शहाणा आणखी हळद टाकणार.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काका दारात स्टुलावर बसले होते. मी त्यांना विचारलं की हा भैताडपणा कोणाचा.

त्यांनी स्टूल जरा मागं सरकवलं. मग म्हणाले, "मीच टाकली."

मग मी जे तोंड सोडलं ते सोडलं. म्हटलं, काका, तुम्ही इतकी वर्षं गाडी चालवता, तुम्हाला लाज वाटत नाही? आई तिकडं धाकटी धाकटी करत वाळून चालली, आणि तुम्ही इंजिनात वरण शिजवता? एवढीच हौस असती तर जिरं-मोहरीही टाकायची होती. काका नुसतं म्हणाले, चुकलं पोरी. त्यांच्या त्या गरीब गायीसारख्या बसण्याचाही मला राग आला. माणसानं भांडावं तरी.

त्यातला थोडा लगदा मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरला आणि फळीवर ठेवला. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला दाखवणार होते, बघा, हे तुमचं ज्ञान. काकांनी मला दोनतीनदा सांगितलं की फेकून दे ते, कायले ठेवतं. मी ऐकलं नाही. त्यांना लाज वाटते तर वाटू दे, असं मला वाटलं.

मग तारेनं खरवडणं, धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी, कॉम्प्रेसरची हवा. पुन्हा तार, पुन्हा सोडा. पिवळं येतच राहिलं. माझी नखं पिवळी झाली, जेवताना भाजीतल्या हळदीचा वास आला तरी घास फिरायचा. आणि मधेमधे आई. हात साबणानं घासायचे, मागच्या खोलीत जायचं, तिचं अंथरूण बदलायचं, तिला पुसायचं, तिची पाठ पाहायची, खाटेनं सोललेली, पाणी सुटलेली. मी तोंडावर सांगते, मला किळस यायची. आपली आई आहे, तरी यायची. श्वास रोखून काम करायचे आणि बाहेर येऊन मोठा श्वास घ्यायचे. इंजिनातल्या घाणीची शिसारी आली तरी तिच्यावर रागावता येतं. इथं रागवायचं कोणावर? आई पेज थुंकायची, ती माझ्या गळ्यावर उडायची, आणि ती विचारायची, धाकटी आली काय. मी म्हणायचे, निघाली, वाटेत आहे. तिचा विश्वास बसायचा नाही.

ब्लॉक साफ झाला. चिरला नव्हता, एवढं नशीब. हेड मात्र तापून तापून वाकलं होतं, काचेवर पालथं ठेवलं तर मधून उजेड दिसायचा. त्याचं तोंड सपाट करून घ्यायला गल्लीतल्या लेथवाल्या भाऊंकडं पाठवलं. निरोप दिला की नुसतं पुसल्यासारखं करा, जास्त घेऊ नका. पाठवलं कोणाबरोबर? काकांबरोबर. इथं चुकलं.

काका हसत परत आले. लेथवाल्या भाऊंनी मनापासून भरपूर काढलं होतं. त्यांचं म्हणणं, जितकं हेड खाली तितका दाब जास्त, जितका दाब तितकी ताकद, आणि बाईमाणूस घाबरतं म्हणून तुम्हीच काय ते सांगा. काकांनी सांगितलं, चढ आहे, घ्या जास्त. आजच्या इंजिनात ते चालूनही गेलं असतं. पण हिच्या व्हॉल्वना वर उठायला आणि हवेला आडवं वळायला जागा झाकणाखालीच असते. झाकण खाली आणलं की दाब वाढतो खरा, पण हवेचा गळाच दाबला जातो. माणसाची छाती वाढवून नाकात बोळे घालावेत, तसलं हे शहाणपण.

मी स्वयंपाकघरातून पोळ्यांची कणीक आणली. प्रत्येक व्हॉल्वच्या डोक्यावर एकेक गोळा ठेवला, हेड कसलं, हँडलनं इंजिन फिरवलं आणि हेड परत उचललं. गोळे दबले होते. सुरीनं कापून पाहिले. कणीक पापडाहून पातळ झाली होती, एका ठिकाणी तर फाटून खालचं लोखंड दिसत होतं. काकांना दाखवलं. त्यांना कळलं, चेहरा उतरला. दुसरं हेड मिळेल काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, लढाई पुन्हा लागली तर मिळेल.

एकच उपाय होता. हेडच्या छताला व्हॉल्वच्या वर उथळ खळगे कोरायचे, आणि ब्लॉकमध्ये व्हॉल्व आणि सिलिंडर यांच्यामधली जी कड आहे ती उतरती करायची, म्हणजे हवा अडखळत न येता घसरत येईल. बाबांनी हे एका इंजिनावर करताना मी पाहिलं होतं. पण त्या कडेच्या खालीच पाण्याची वाट असते. लोखंड किती जाड उरलंय ते वरून कळत नाही, आणि या ब्लॉकमध्ये तर ओली हळद बसून ते आतून गंजत आलेलं. दगड जरा जास्त लागला, भोक पडलं, की जीप भंगारात. मग मावशी येणार नाही, आणि आई तिची वाट पाहतच जाईल. मला भीती वाटत होती. काकांना मी बाहेर पाठवलं, कारण त्यांचं तोंड पाहिलं की माझं कामावर लक्ष राहायचं नाही.

सिलिंडरात ग्रीस लावलेले बोळे कोंबले आणि हँड ग्राइंडरला बारीक दगड लावला. थोडं घासायचं, थांबायचं, हातोडीच्या दांड्यानं ठोकून आवाज ऐकायचा. जाड लोखंड ठस्स बोलतं, पातळ झालं की आवाज उघडा व्हायला लागतो. पुन्हा घासायचं. लोखंडाची भुकटी नाकात, दातांत, केसांत. थुंकी काळी आणि तिला रक्तासारखी चव. मागून आई हाक मारायची, मी दगड बंद करून जायचे, तिला पुसून यायचे, पुन्हा दगड. शेवटच्या सिलिंडरजवळ आवाज उघडा यायला लागला. मी तिथंच हात उचलला. ती कड बाकीच्यांपेक्षा उंच राहिली, मी राहू दिली. बाबांना ते आवडलं नसतं.

पुन्हा कणीक, पुन्हा हेड, पुन्हा सुरी. या वेळी गोळे भाकरीच्या कडेएवढे जाड निघाले. व्हॉल्व पेस्ट लावून, व्हॉल्वला चिकटणारी रबरी टोकाची काठी तळहातात धरून, ताक घुसळल्यासारखे फिरवून बसवले. रेडिएटरचं भोक शोधलं तर ते मोहरीएवढं होतं. एवढ्याशा भोकासाठी तेवढी हळद! कथलाचा डाग देऊन झाळलं, झालं काम. ठिणगीचे पॉइंट घासले, तिचं टायमिंग लावलं आणि हँडल मारलं.

जीप लागली. आधी खोकली, पांढरं ओकली, मग सरळ झाली. मी चाचणीसाठी तिला बल्लारपूरच्या रस्त्यानं दामटून आणली आणि प्लग काढून पाहिले. आणली तेव्हा ते काजळीनं ओले होते. आता कोरडे, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालाच्या रंगाचे. म्हणजे आत आलेलं सगळं नीट जळतंय. पाण्याचा काटा जागचा हलला नव्हता. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा बरं वाटलं.

काकांना मी बजावून पाठवलं. नुसतं पाणी. स्वच्छ, गाळलेलं पाणी. हळदीचा कण जरी दिसला तरी मी तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. ते मान डोलावून हाव म्हणाले आणि गेले.

त्यानंतर आईनं पाणीही घेणं सोडलं. ओठांना ओलं फडकं लावायचं तर दात आवळायची. ते धाकटीचं विचारणंही थांबलं, आणि ते थांबलं त्यानं मी जास्त घाबरले. काकांचा फोन लागेना. मला वाटलं, जीप चढावर बसली असणार. मीच कुठंतरी कमी पडले. ती शेवटची कड.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. एकसारखा, कुठं न अडखळणारा. मी बाहेर पळाले. मावशी पुढच्या सीटवर बसलेली, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेलेला, तोंडात पान. उतरली, माझ्या गालावरून हात फिरवला, आणि मला काही न विचारता सरळ मागच्या खोलीत गेली.

आईनं तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "किती उशीर केला वं."

मावशी खाटेवरच बसली. उशाशी ठेवलेली पेजेची वाटी तिनं उचलली, पेज बोटानं ढवळली, बोटानंच आईच्या ओठांना लावली. आईनं तोंड उघडलं. मी दारात उभी होते. इतक्या दिवसांचा माझा चमचा बशीत पडलेला होता, आणि खरं सांगायचं तर मला हेवा वाटला.

मावशी भरवत भरवत बोलत होती. कितीदा निघाली, कितीदा चढावरून वापस गेली, सारं सांगत होती. मग आवाज खाली आणून, काका ऐकत नाहीत असं समजून, ती म्हणाली, "बाई, मंग म्याच हळद टाकली. दर खेपेले मूठ मूठ, घरची कुटलेली. ह्यायले नाई सांगतलं, ह्यायनं टाकू नसती देल्ली. म्हटलं, कितीबी भोकं असू दे, बुजतीनच. पाय, आनलं का नाई हळदीनं तुह्याकडं?"

काका माझ्या मागंच उभे होते. मी वळून पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली, नाही अशी. त्यांना सगळं ठाऊक होतं. सगळ्या शिव्या त्यांनी माझ्या तोंडून ऐकून घेतल्या होत्या आणि एकदाही तिचं नाव घेतलं नव्हतं. ती बरणी फेक म्हणत होते ते त्यासाठी, मावशीच्या नजरेला पडू नये म्हणून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. येडी बाई! जिच्यासाठी जीव टाकत होतीस तिच्यापासून तूच तुझ्या हातानं स्वतःला अडवून बसली होतीस. प्रत्येक मुठीनिशी एक फेरी बुडाली. हे तिला सांगायलाच हवं होतं, नाही तर ती पुन्हा टाकणार. माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मावशीनं मला विचारलं, "काऊन वं पोरी, तू तं इंजिन खोललं होतं. कामी आली ना हळद?"

आई माझ्याकडं पाहत होती. तिच्या ओठांच्या कडेला पेज लागलेली.

"हाव," मी म्हटलं. "आली ना कामी."

इंजिनाबद्दल मी आजवर कोणाशी खोटं बोलले नव्हते. बाहेर आले, फळीवरची बरणी घेतली आणि मोरीत ओतली. वास पुन्हा एकदा सगळ्या गॅरेजात भरला.

मावशी राहिली. आईचं सगळं तिनं हाती घेतलं. डिझेलच्या वासानं रक्त ओकणारी ही बाई आईचं अंथरूण उघड्या हातानं बदलायची, पाठीवरचं पाणी आपल्या पदरानं टिपायची, आणि तिच्या नाकाला कधी आठी पडली नाही. मी दुपट्टा नाकाला लावलेला तिनं पाहिला तर म्हणायची, तू जा, तुह्या मशिनी पाय. मी जायचे. मला स्वतःचीच शिसारी यायची.

आई फार दिवस राहिली नाही. गेली ती मावशीचा हात धरून, दुपारची, जेवण झाल्यावर.

आईचं दिवसकार्य आटोपल्यावर काका मावशीला न्यायला आले. जीप दारात लावली. मावशी बसता बसता थांबली, पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. येताना सोबत आणली होती, परतीसाठी. जिवतीचा घाट आहे पोरी, म्हणाली, तूच टाक, तुह्या हातचं बरं राह्यते. काका खोकायला लागले.

मी पुडी उघडून मूठ भरून घेतली. बॉनेट उघडलं, तिच्याकडं पाठ केली, रेडिएटरचं झाकण काढलं, तसंच परत लावलं आणि घट्ट पिळलं. टाकली काय, तिनं विचारलं. टाकली म्हटलं. ती समाधानानं बसली. काकांनी माझ्याकडं पाहिलं नाही, गियर टाकला. जीप गल्लीतून वळून मोठ्या रस्त्याला लागली. आवाज कुठं अडखळतो काय म्हणून मी मूठ आवळून तो संपेपर्यंत ऐकत उभी राहिले. अडखळला नाही.

मूठ उघडली तर घामानं हळदीचा चिखल झाला होता. साबणानं हात घासले, पुन्हा घासले, रेषांतला पिवळा रंग निघाला नाही. मग त्याच हातांनी मी आईची खाट उचलली आणि बाहेर उन्हात उभी केली.